सरकीवाल्यांच्या महानंदाचं दुखणं

पालमला आमच्या घराला लागून चन्नप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. दुकानामागे त्यांचं घर, आणि त्यांच्या-आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत. माझे यजमान हायस्कुलात शिकवत, म्हणून गावाला मी 'बाई'. महानंदा चन्नप्पांची सून, शिवरुद्राची बायको. तिची-माझी ओळख त्या भिंतीवरूनच झाली. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी होती आणि जिभेला धार.

दुपारी चन्नप्पा जेवून आडवे होत. शिवरुद्र माल आणायला लोह्याला नाहीतर गंगाखेडला गेलेला असे. मग काट्याजवळ महानंदा बसायची. सून दुकानात बसते म्हणून आधी गावानं नाकं मुरडली, पुढे शेतकऱ्यांनाच तिची सवय झाली. मुंजाजी म्हणून एक म्हातारे यायचे. त्यांची म्हैस आटायला लागली की ते पेंडीला बोल लावत.

"पोरी, तुझ्या पेंडीत माती हाय. म्हैस दूधच देईना."

"बाबा, म्हशीलाच इचारलं मी. ती म्हनली, मालक पेंड नुसती दावतो अन् कडबा घालतो."

मुंजाजी हसत हसत पेंड घेऊन जात आणि पुढच्या बाजारी तेच गाऱ्हाणं घेऊन येत. मला वाटतं ते त्या उत्तरासाठीच येत असावेत.

लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. सासू मल्लम्मा वाईट नव्हती. तोंडावर काही बोलायची नाही, पण कुणाच्या घरी बारसं असलं की महानंदाला पुढे न धाडता स्वतः जायची, आणि महानंदाला ते बरोबर कळायचं. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात एक दिवस मल्लम्माच भिंतीशी आली. चेहरा असा की सांगायची गरजच नव्हती.

"बाई, आमच्या महानंदाला दिवस गेलेत. कुनाला सांगू नका हां," असं म्हणून तिनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं.

चन्नप्पांचं घर लिंगायत. त्यांच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाला गळ्यात बांधायचं लिंग देतात. स्वामी येऊन आईच्या हाती बाळाचं लिंग देतात, ती ते बाळाच्या वतीनं सांभाळते. मल्लम्मानं स्वामींना तेव्हाच सांगून ठेवलं. एवढ्या लवकर कशाला, असं चन्नप्पा म्हणाले तर ती त्यांच्यावरच उखडली.

आता त्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. त्यांच्या घरात बाईला विटाळ नाही. गळ्यात लिंग आहे ती बाई सदा शुद्ध, असं मल्लम्मा ताठ मानेनं सांगायची. मी माझ्या सासरी दर महिन्याला पडवीतल्या घोंगडीवर बसून दिवस काढलेली. मला तिच्या घराचा हेवा वाटायचा, अजून वाटतो. पण आमच्याकडे बाई बाजूला बसली की घरादाराला कळतं. लवकर झालं, उशिरा झालं, जास्त जायला लागलं, सगळ्याचा बोभाटा होतो. मल्लम्माच्या घरात बायका रक्ताबद्दल एकमेकींशी बोलतच नव्हत्या. बोलायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

पाचवा महिना सरताना महानंदा उजव्या कुशीला हात धरून चालायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "पेंडीचं पोतं सरकवलं, बाई. आत्याबाईंना सांगू नका. न्हाई तर काट्याजवळून उठिवतील मला." लघवीला जळजळ होते म्हणून तिनं सासूला 'उन्हाळी लागली' एवढंच सांगितलं. सासूनं धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. महानंदा ते पाणी पीत राहिली आणि तिचा रंग उतरत राहिला. ओठ पांढरे, नखं पांढरी. मल्लम्मा म्हणायची, पोर रगत ओढून घ्यायलंय, धडधाकट निघंल बगा.

थंडी पडली. तिकडे विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं. आज मोर्चा, उद्या बंद. एसटी कधी सुटायची, कधी आगारातच उभी राहायची. अशाच एसटी उभ्या असलेल्या एका दुपारी मुंजाजी चालत पालमला आले आणि काट्याशी उभे राहून म्हैस-पुराण सांगायला लागले. महानंदानं काहीच उत्तर दिलं नाही. त्यांनी वाकून पाहिलं तर ती सरकीच्या ढिगावर कलंडलेली. म्हाताऱ्यानं ओरडून गल्ली गोळा केली. तिला आत आणून निजवलं तेव्हा मल्लम्माला लुगड्याला लागलेलं रक्त दिसलं, आणि तिनं तिथंच भिंतीला पाठ लावून बसकण मारली.

"गेलं," एवढंच म्हणाली. "सात वर्सानं आलं अन् गेलं."

पण बाळ हलत होतं. दुसऱ्या दिवशी जीप करून गंगाखेडला बाळंतपणाच्या दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाईंसमोर पन्नास बायका बसलेल्या. त्यांनी विचारलं, "अंगावरून जातंय का?" महानंदानं तोंड उघडलं, पण मल्लम्मा आधीच बोलून चुकली होती, "व्हय, लय जायलंय, बाई. लेकरू तेवढं वाचवा." सासू बोलत असताना सून मध्ये बोलत नाही. दुकानात म्हाताऱ्यांना गप्प करणारी महानंदा तिथं खाली मान घालून बसली. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. वार सुटायला लागली असावी असं म्हणून त्यांनी इंजेक्शनं दिली आणि पलंगावरून हलायचं नाही असं सांगितलं.

घरी आल्यावर मल्लम्मानं पलंगाच्या पायथ्याशी विटा ठेवल्या, पाय उंच, डोकं खाली. त्या अवस्थेत महानंदा पडून राहिली. मल्लम्मा तिला भरवायची, पुसायची, घमेलं द्यायची. घमेलं द्यायची ते मान फिरवून, सुनेला लाज नको म्हणून. ते घमेलं बाहेर नेऊन ओतायलाही एक बाई येई. मायेनं केलेलं सगळं, आणि त्यानंच घात होत होता.

एक दिवस मी भाकरी घेऊन गेले तर महानंदाच्या कपाळावर घाम होता आणि दातांत पदराचं टोक. कूस दाबून धरलेली. मल्लम्मा उशाशी बसून जप करत होती.

"आत्याबाई," महानंदा म्हणाली, "जप थांबवा. माझं ऐका."

मल्लम्मा थांबली. सुनेनं असं कधी सांगितलं नव्हतं.

"मला अंगावरून जात न्हाई. एक ठिपका न्हाई. रगत येतंय ते लघवीतून येतंय. गाठीच्या गाठी पडायल्यात. अन् दुखतंय ते पोटात न्हाई, पाठीकडं दुखतंय. पाचव्या म्हैन्यापासून."

"अगं मग त्या दिवशी बोलली कामून न्हाईस?"

"तुमी बोलत व्हत्या की."

मल्लम्मा माझ्याकडे बघायला लागली. मग उठली, घमेलं घेतलं, आणि या वेळी मान न फिरवता पुढे बसली. नंतर बराच वेळ ती तशीच उकिडवी बसून त्या भांड्यात बघत होती. मी शिवरुद्राला हाक मारली.

परभणीला सोनोग्राफीची सोय होती. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून शिवरुद्राला आणि मला दाखवलं. उजव्या मूत्रपिंडावर पेरूएवढी गाठ. चरबीची आणि रक्तवाहिन्यांची गाठ आहे, म्हणाले, कॅन्सर नाही. कित्येकांच्या अंगात असते आणि जन्मभर कळत नाही. गरोदरपणात रक्त वाढतं, तशी ही गाठ वाढली, तिच्यातली एक नस फुटली आणि ती आत वाहते आहे.

"मग काढून टाका," शिवरुद्र म्हणाला.

"गाठ एकटी निघणार नाही. किडनी काढावी लागेल. एवढी मोठी शस्त्रक्रिया, अंगात रक्त एवढं कमी. बाई कदाचित निभावेल. बाळाचं मी सांगू शकत नाही."

"अन् न्हाई काढली तर?"

"एखाद्या दिवशी एकदम फुटेल. मग दोघंही."

थोडं थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. हैदराबादला एका मोठ्या इस्पितळात पोट न फाडता, जांघेतल्या नसेतून बारीक नळी आत नेऊन वाहती नस बंद करतात. पण गरोदर बाईवर त्यांनी केलंय की नाही ते ठाऊक नाही. तोवर दोन बाटल्या रक्त चढवू. एक शिवरुद्राचं जुळलं, दुसरं मुंजाजींच्या मुलानं दिलं.

हैदराबाद म्हटल्यावर चन्नप्पांना बरं वाटलं. निजामाच्या राज्यात वाढलेल्या त्यांच्या पिढीला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळचं. भाषाही कानातली. एसटीचा भरवसा नव्हता म्हणून मुंजाजींच्या ओळखीची जीप केली आणि नांदेडमार्गे निघालो. मागच्या बाकावर गादी टाकून महानंदा आडवी, तिचं डोकं मल्लम्माच्या मांडीवर. "तिथं इंग्रजी बोलत्याल, बाई तुमी चला," असं मल्लम्मानं म्हटलं म्हणून मी. वाटेत दोनदा रस्त्यावर दगड आणि जळके टायर लागले. पोरांनी जीपमध्ये डोकावून महानंदाचं पोट पाहिलं आणि स्वतःच दगड बाजूला केले.

इंग्रजी लागलंच नाही. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, दखनी उर्दू बोलणारे, सावकाश समजावून सांगणारे. त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढलं, त्यात शिरणाऱ्या नसा काढल्या, आणि एका फांदीवर फुली मारली. इथपर्यंत तारेवरून नळी नेणार. स्पंजासारखे बारीक तुकडे सोडणार. ही एवढीच फांदी बंद होणार, बाकीचं मूत्रपिंड चालू राहणार. बाई जागी असणार. टाका एकही नाही.

"और बच्चा?" चन्नप्पांनी विचारलं.

नळी कुठं चाललीय ते बघायला एक्स-रे लागतो, डॉक्टर म्हणाले. बाळ मोठं झालंय, पोटाभोवती शिशाची चादर गुंडाळू, उजेड कमीत कमी वेळ लावू. "लेकिन खतरा बिल्कुल नहीं, ऐसा मैं नहीं बोलूंगा, चाचा. झूठ होगा."

बाहेर व्हरांड्यात कुटुंबाची बैठक बसली. पालमलाही असंच चाललं असतं, फक्त तिथं ओटा असता. चन्नप्पांचं म्हणणं, स्वामींना विचारून ठरवू. मल्लम्माचं म्हणणं, दोन म्हैने कसंबी काढू, रगत चढवत राहू, लेकरू हातात आलं की मग काय करायचं ते करा. "फोटूचा उजेड पोटातल्या लेकराला लावायचा? अजून त्याला लिंग मिळालं न्हाई. काई झालं तर त्याची गती काय?" शिवरुद्र हातात सहीचा कागद घेऊन एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होता. कुणी काही बोललं की "तेबी खरं हाय" म्हणायचा.

महानंदा स्ट्रेचरवर होती. आम्हाला वाटलं, डोळा लागलाय.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी हाय तर ते हाय. मी फुटले तर त्याला लिंग कुनाच्या हातात देताल?"



"अन् तुमी," ती नवऱ्याला म्हणाली, "सरकी घेताना एवढा इचार करत न्हाई. करा सही."

शिवरुद्रानं सही केली.

तरीही एक अडलंच. आत नेताना परिचारिका म्हणाली, गळ्यातलं सगळं उतरवा. मंगळसूत्र महानंदानं काढून दिलं. लिंगाच्या चांदीच्या डबीवर मात्र तिनं मूठ आवळली. लिंग अंगावेगळं झालं म्हणजे जीव गेल्यासारखंच, हे त्यांच्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. परिचारिका चिडली, पडद्यावर डबीची सावली पडते म्हणाली. मागे माणसं खोळंबली. एवढा धीर धरलेली महानंदा तिथं पहिल्यांदा रडायला लागली.

मल्लम्मा पुढे झाली. तिनं दोरा सैल करून डबी सुनेच्या गळ्यातून काढली, लिंग बाहेर घेतलं आणि सुनेच्या डाव्या तळहातावर ठेवलं, रोज पूजेला घेतात तसं. वरून बोटं मिटवली.

"असंच धर. पूजेला बसली हायस असं समज. सावली पडंल तिथं हात आणू नको म्हंजे झालं." मग परिचारिकेकडे वळून म्हणाली, "चलता ना, अम्मा?"

परिचारिका डॉक्टरांना विचारून आली. हात लांब ठेवला तर चालेल, म्हणाले.

दार लागलं. मल्लम्मा दाराशी जमिनीवर बसली. तिला बाकावर बसा म्हणून सांगणाऱ्यांना तिनं हातानंच घालवून दिलं. "मान फिरवून बसले मी, बाई," मधेच ती म्हणाली. "लाज राखायला गेले." मी तिच्याशेजारी खाली बसले.

महानंदा बाहेर आली तेव्हा शुद्धीवर होती आणि पांढरीफटक. डावी मूठ मिटलेली होती. डॉक्टर म्हणाले, नस बंद झाली, आता वाट बघायची.

ती वाट बघणं मात्र फार वाईट होतं. पाय सरळ ठेवून हलायचं नाही. ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, कूस पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागली. गाठीचा जो भाग मेला त्याचं हे दुखणं आहे, होतं असं, म्हणाले. त्यावर आम्ही विश्वास ठेवला, कारण दुसरं काही हाती नव्हतं. खरी भीती वेगळीच होती. बाळ हलेना. ठोके आहेत, डॉक्टर सांगत. पण ठोके मशीनला ऐकू येत होते, महानंदाला आत काही लागत नव्हतं. मल्लम्मा तिच्या पोटावर तळवा ठेवून बसायची, उचलून कान लावायची, परत तळवा ठेवायची.

"काई लागलं?"

"न्हाई."

हे एवढंच बोलणं दोघींचं. लघवीचा रंग लाल, मग चहासारखा, मग पिवळा झाला. एरवी त्यावर आम्ही नाचलो असतो. मल्लम्मा भांडं उजेडात धरून रंग बघायची, बरं म्हणायची आणि पुन्हा पोटाकडे वळायची. शिवरुद्र इस्पितळाच्या फाटकापासून खाटेपर्यंत आणि परत असा फिरत राही. माझ्याच सहीनं झालं, असं तो मला एकदा म्हणाला.

ताप उतरला त्या सकाळी महानंदानं दूध मागितलं. दोन घोट घेतले आणि एकदम पेला बाजूला केला. मला वाटलं, उलटी.

"आत्याबाई, हात आणा."

तिनं सासूचा हात धरून बरगडीखाली दाबला. मल्लम्माचं तोंड उघडंच राहिलं. मग ती बडबडत सुटली, कानडीत की मराठीत मला कळलं नाही. खाटेच्या कडेला डोकं टेकून ती बराच वेळ तशीच राहिली. महानंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आठव्या महिन्याचा लिंगाचा विधी नांदेडला शिवरुद्राच्या मावशीकडे झाला, कारण दवाखान्यापासून इतक्या दूर पालमला नेण्याची कुणाची छाती नव्हती. तिथंच, दिवस पुरे भरायच्या आत मुलगी झाली. सुपात मावेल एवढी. कापसात ठेवून जगवली. तिथल्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी जे सांगितलं ते शिवरुद्रानं ऐकलं, मल्लम्मानं ऐकलं, मीही ऐकलं. गाठ गेलेली नाही, आकसली आहे. वरचेवर सोनोग्राफी करत राहा. आणि पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. या वेळी निभावलं, दर वेळी निभावेल असं नाही.

महानंदा परत काट्याजवळ बसायला लागली. पोतं आता शिवरुद्र सरकवतो. मुंजाजी आले तर पेंडीविषयी अवाक्षर काढत नाहीत, नुसते बसून पोरीला खेळवतात. महानंदाला त्याचाच राग येतो. "बाबा, भांडा की जरा. मी मेले न्हाई अजून," असं ती म्हणते. पण सोनोग्राफीचा महिना जवळ आला की तीच मापात चुकायला लागते.

मुलगी चालायला लागली त्या सुमाराची गोष्ट. अंगणात आम्ही शेंगा फोडत होतो. मल्लम्माच्या नणंदेच्या घरी नातू झाला होता, ती ते बघून आली होती. मग शेंगांकडे बघतच म्हणाली, "गाठ आता लिंबाएवढी हाय म्हनं. हैदराबादचे डाक्टर तर हायेतच. एखादं पोरगं असतं तर..."

महानंदाचे हात थांबले. मला वाटलं, आता ती धारदार काहीतरी बोलेल. शिवरुद्र दारात उभा होता, तोही थांबला.

"आत्याबाई," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या पोटावर हात ठिवून तुमी बसल्या व्हत्या. हे फाटकाकडं गेलते, मामंजी बाहेर व्हते. तुमीच व्हत्या. परत बसताल का तशा?"

मल्लम्मानं एक शेंग हातात धरली, फोडली नाही. महानंदा तिच्याकडे बघत राहिली, नजर न काढता. दारातून शिवरुद्र म्हणाला, "आये, तिला उत्तर दे."

"न्हाई," मल्लम्मा शेवटी म्हणाली. "मला जमायचं न्हाई."